सापाची शेगडी

उरग, भुजंग, बिलेशय, द्विजिह्व, चक्षुःश्रवा, पवनाशन : संस्कृतांत सापाला नांवें पुष्कळ. त्यांतील प्रत्येक नांव त्या प्राण्याकडे लक्षपूर्वक पाहूनच कोणीं तरी ठेविलें असावें, असें आम्ही वर्गांत शिकवितांना मुलांना सांगत असूं. उरानें सरपटतो म्हणून उरग. बिळांत निजतो म्हणून बिलेशय. कान दिसत नाहींत, तेव्हां डोळ्यांनींच ऐकत असला पाहिजे, म्हणून चक्षुःश्रवा. परंतु पवनाशन, म्हणजे वारा खाऊन राहणारा, ह्या नांवापाशीं दर वर्षीं एखादा चौकस विद्यार्थी अडून बसे. साप तर उंदीर-बेडूक खातो, मग वारा खातो असें कां म्हटलें? साप आठवडेच्या आठवडे अन्नावांचून राहतो, तें पाहून जुन्या लोकांनीं तसा तर्क बांधला, हें उत्तर त्यावर ठरलेलें होतें. तें बरोबरच होतें. मात्र साप इतके दिवस उपाशी राहूं शकतो तो कशाच्या बळावर, आणि त्या उपवासाची किंमत तो कोठें मोजतो, हें प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हांस निवृत्तीनंतर परदेशांत आला. त्यांतून जें ध्यानांत आलें, तें आमच्या वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

आमचे चिरंजीव इंग्लंडांत लेस्टर येथें नोकरीनिमित्त राहतात. 2025 च्या आरंभीं आम्ही उभयतां तीन महिने त्यांच्याकडे होतों. आपल्याकडे लोक पोपट किंवा मासे पाळतात, त्याच भावनेनें तिकडे कित्येक कुटुंबांत कॉर्न स्नेक नांवाचा बिनविषारी साप पाळतात. हा मूळचा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आग्नेय भागाचा रहिवासी. रंगानें नारिंगी-तांबूस, लांबीनें 3 ते 5 फूट, स्वभावानें गरीब, आणि नीट सांभाळल्यास 15 ते 20 वर्षें जगणारा. शेजारचें एक कुटुंब बिऱ्हाड हलवीत होतें. त्यांनीं आपला साप, त्याची कांचेची पेटी आणि पेटीखालीं घालावयाची विजेची चटई, असा सगळा सरंजाम आमच्या 14 वर्षांच्या नातवाला देऊं केला.

घरांत सभा बसली. सूनबाईंच्या हरकती दोन होत्या. गोठविलेले उंदीर आपल्या फ्रीजमध्यें ओल्या खोबऱ्याच्या शेजारीं राहणार नाहींत, ही पहिली. तिचा निकाल गॅरेजमधील एका जुन्या लहान फ्रीजनें लावला. दुसरी हरकत अधिक गंभीर होती. घर जुनें, जमीन लांकडी, आणि मुलाच्या अंथरुणापासून चार हातांवर रात्रंदिवस तापत असलेलें विजेचें उपकरण. रात्रीं कांहीं पेटलें तर काय करावयाचें? ह्या प्रश्नाला कोणाजवळच उत्तर नव्हतें. शेवटीं चिरंजीवांनीं तीन अटींवर परवानगी दिली. सगळा खर्च मुलानें स्वतःच्या पैशांतून करावा. सकाळीं वर्तमानपत्रें टाकून त्यानें 60 पौंड सांठविले होते. घराला धोका होईल असें कांहीं करूं नये. आणि सापाचे हाल होत आहेत असें दिसल्यास तो प्राण्यांच्या आश्रयगृहाकडे ताबडतोब सोंपवावा. तिसरी अट केवळ दयेपोटीं नव्हती. तिकडच्या 2006 च्या प्राणिकल्याण कायद्यानें पाळलेल्या प्राण्याला योग्य परिसर व योग्य आहार पुरविणें हें पाळणाऱ्याचें कर्तव्य ठरविलें आहे. आणि पाळणारा 16 वर्षांच्या आंतला असेल तर तें कर्तव्य त्याच्या पालकांच्या शिरावर येतें.

आमच्या कुटुंबानें सभेचा समारोप केला. "आजवर नागपंचमीला पाटावर नाग काढून पूजा केली. आतां सापासाठीं शेगडी पेटवायची एवढें राहिलें होतें!" आणि शेगडीवर देखरेख करण्याचें काम, दिवसभर घरीं बसणारे म्हणून, आमच्याकडे आलें.

शेगडी हा शब्द थट्टेचा असला तरी प्रश्न खरोखर तोच आहे. आपण जेवतों त्याचा मोठा भाग शरीर 37 अंशांच्या आसपास ऊन ठेवण्यांतच जळून जातो. पौष असो कीं वैशाख, आपल्या आंतली चूल विझत नाहीं. म्हणूनच आपल्याला दिवसांतून दोनदां पान मांडावें लागतें. साप ही चूल पेटवीतच नाहीं. तापलेल्या खडकापासून, कोवळ्या उन्हापासून तो ऊब उसनी घेतो. अन्न जाळून ऊब निर्माण करावयाची नसल्यामुळें त्याला 10-15 दिवसांनीं एक उंदीर पुरतो. पवनाशन ह्या नांवामागचें इंगित हें आहे.

ह्या काटकसरीला दुसरी बाजू आहे. उसनी ऊब मिळाली नाहीं तर पोटांतील पाचक रस आपलें काम करीत नाहींत. गिळलेला उंदीर तसाच राहून कुजूं लागतो आणि साप तो ओकून टाकतो. थंडी लांबली तर त्याला श्वासाचा विकार जडतो. आमच्या परिभाषेंत सांगावयाचें तर, माणसाचा जठराग्नि पोटांत असतो आणि सापाचा पोटाबाहेर असतो. रानांत तो अग्नि सूर्य सांभाळतो. आपण सापाला पेटींत आणून ठेविलें कीं तें अग्निहोत्र आपल्या गळ्यांत पडलें. अग्निहोत्र्याचा अग्नि विझूं द्यावयाचा नसतो, आणि तो कुंडाबाहेरही जाऊं द्यावयाचा नसतो. सापाच्या शेगडीचे नियमही हेच दोन.

ह्या विषयांतील शास्त्र फारसें जुनें नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत 1927 सालीं जोन प्रॉक्टर ह्या विदुषीच्या योजनेप्रमाणें नवें सर्पगृह उभारलें गेलें. त्यांत विजेच्या साह्यानें निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळी उष्णता देण्याची सोय केलेली होती. पुढें 1944 सालीं कोल्स व बोगर्ट ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं वाळवंटांतील सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनीं असें दाखविलें कीं, ज्यांना आपण थंड रक्ताचे म्हणतों ते प्राणी परिसराच्या हवालीं होऊन स्वस्थ पडलेले नसतात. ऊन आणि सावली ह्यांमध्यें सारखी ये-जा करून ते आपलें शरीर हवें तेवढेंच ऊबदार राखतात. ह्याचा अर्थ असा कीं, सापाची सगळी पेटी एकसारखी तापवून भागत नाहीं. तिच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा पाहिजे, म्हणजे निवड सापाला करतां येते. कॉर्न स्नेकसाठीं ऊबदार टोंक 28 ते 30 अंश सेल्सिअस आणि गार टोंक 21 ते 24 अंश, असें साधारण प्रमाण मानतात.

आतां आमच्या पेटीची हकीकत. साप आल्यानंतर आठव्या दिवशीं नातवानें त्याला पहिला उंदीर दिला आणि त्यानें तो आनंदानें गिळला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं नातू पांढराफटक चेहरा करून खालीं आला. "आजोबा, त्यानें सगळें बाहेर टाकलें. तो मरेल का हो?" साप पेटीच्या कोपऱ्यांत, एका लांकडी खोप्याखालीं, निपचित वेटोळें घालून पडला होता. सूनबाई दारांत उभ्या राहून म्हणाल्या, "तिसरी अट आठवते ना?" मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें. आम्हीं सूनबाईंकडून 15 दिवसांची मुदत मागून घेतली.

कोणत्याही रोगावर औषध देण्यापूर्वीं नाडी पाहावी लागते. पेटीला एक गोल कांट्याचा उष्णतामापक चिकटविलेला होता. तो रात्रंदिवस 26 अंश दाखवी. तो कांचेच्या मध्यावर होता आणि साप मध्यावर कधींच नसे. स्वयंपाकघरांतला तारेच्या टोंकाचा अंकदर्शक मापक आणून आम्ही दोघांनीं पेटीचीं दोन्ही टोंकें तळापाशीं मोजलीं. चटईवरची कांच 44 अंश होती. दुसरें टोंक रात्रीं 17 अंशांवर उतरे, कारण घर तापविणारी यंत्रणा तिकडे खर्चासाठीं रात्रीं बंद ठेवतात. आणि पेटींत लपण्याचा आडोसा होता तो एकच, तोही गार टोंकाला!

सापाच्या दुखण्याचें कारण येथें उघड झालें. साप हा भित्रा प्राणी आहे. ऊब आणि आडोसा ह्यांपैकीं एकच गोष्ट मिळणार असेल तर तो बहुधा आडोसा पत्करतो. पोटांत उंदीर असूनही तो 17 अंशांत लपून राहिला, आणि अन्न पचलें नाहीं. तो ऊबेकडे गेला असता तर आणखी वाईट झालें असतें. पोटाखालून बसणाऱ्या चटक्यापासून साप वेळेवर बाजूला होतोच असें नाहीं. तापलेल्या पृष्ठावर तो पडून राहतो आणि त्याची कातडी भाजून निघते. एका टोंकाला भट्टी, दुसऱ्या टोंकाला हिमालय, आणि मधला मापक सारें ठीक आहे म्हणून ग्वाही देत होता.

नातवाजवळ 60 पौंड होते, आणि त्याच्या मनांत एक मोठा दिवा, एक शोभेची फांदी आणि विजेनें तापणारा एक कृत्रिम खडक घ्यावयाचा होता. खडकाची गोष्ट आम्हीं पहिल्यानें निकालांत काढली. तो कोठें कमी, कोठें अधिक तापतो आणि साप त्याला नेमका पोट लावून बसतो, म्हणून जाणते लोक तो वर्ज्य मानतात. दिव्याला आमची सर्वस्वीं ना नव्हती. वरून येणारी ऊब उन्हासारखी असते आणि ती सापाला मानवते. पण दिव्याला जाळीचें आवरण पाहिजे, नाहीं तर साप त्याला विळखा घालून भाजून घेतो. त्याच्यासाठीं वेगळ्या जातीचें नियंत्रक यंत्र पाहिजे. आणि वीजही अधिक लागते. 100 वॉटचा दिवा 12 तास लावला तर दिवसाला 1.2 युनिट होतात. 20 वॉटची चटई पुरे 24 तास चालली तरी अर्धा युनिटही होत नाहीं, महिन्याला 15 च्या आंतच. खोली तापविणारी 2000 वॉटची शेगडी सव्वासात तासांत जेवढी वीज खाते, तेवढींत ह्या चटईचा अख्खा महिना निघतो. हा हिशेब नातवानें स्वतः पाटीवर मांडला आणि दिव्याचा नाद सोडला.

मग पैसे कशावर खर्च करावयाचे? थर्मोस्टॅटवर. विजेची चटई सरळ भिंतींतल्या वीजजोडणीला लावली कीं ती तापतच राहते; किती तापावें हें तिला कळत नाहीं. थर्मोस्टॅट हें लहानसें यंत्र मध्यें बसविलें म्हणजे तें आपल्या तारेच्या टोंकाशीं असलेल्या संवेदकानें उष्णता पाहतें, ठरविलेल्या अंशावर वीज तोडतें आणि उतरली कीं पुन्हां जोडतें. त्याची किंमत 32 पौंड, म्हणजे पुंजीच्या निम्म्याहून अधिक! नातवाला तें पटेना. चटई तर फुकट मिळाली, मग एवढ्याशा डबीला एवढे पैसे कां? आम्हीं त्याला एवढेंच विचारलें, "कोणीं तुला घोडा फुकट दिला, तर तूं लगाम विकत घेशील, कीं लगाम महाग म्हणून तसाच बसशील?" तो हंसला, आणि लगाम घेण्यांत आला.

लगाम घेतला तरी तो घोड्याच्या तोंडांत असावा लागतो. थर्मोस्टॅटचा संवेदक आपल्या जागेवरून सरकून गार कोपऱ्यांत पडला, तर यंत्राला वाटतें पेटी गारठली. मग तें वीज तोडीतच नाहीं आणि चटई बेफाम तापते. पुष्कळ अपघातांचें मूळ ह्यांत असतें. म्हणून आम्हीं संवेदक बाहेरच्या बाजूनें, चटई आणि पेटीची तळची कांच ह्यांच्या मध्यें पक्का बसविला, म्हणजे साप त्याला ढकलूं शकणार नाहीं. पेटीच्या आंत चिकटपट्टी मुळींच वापरली नाहीं. ती सापाच्या अंगाला चिकटली तर सोडवितांना कातडी सोलून निघते. नंतर 12 पौंडांचे दोन अंकदर्शक मापक घेऊन एक ऊबदार तळाशीं व एक गार तळाशीं ठेविला. यंत्रावरचा आंकडा काय म्हणतो हें गौण मानून, आंतला तळ 30 अंश दाखवीपर्यंत यंत्राची खुंटी थोडी थोडी फिरविली. यंत्रानें सांगावें आणि मापकानें साक्ष द्यावी. दोघे एकाच घरचे नसलेले बरे.

पुढचीं कामें बिनपैशाचीं होतीं. पेटींत लांकडाचा कीस चार बोटें जाड घातलेला होता. त्यामुळें चटईची ऊब वर येण्याऐवजीं खालींच कोंडून राही. तो कीस त्या भागांत बोटभर ठेविला. पेटीच्या चार कोपऱ्यांखालीं लांकडाच्या पट्ट्या सरकवून चटईखालीं हवा खेळती केली, कारण कोंडलेल्या उष्णतेनें कांच तडकते. चटई पेटीच्या एक-तृतीयांश तळालाच पुरेशी असते, म्हणजे उरलेला भाग गार राहतो. पाठीमागच्या व दोन्ही बाजूंच्या कांचेला बाहेरून, एका नव्या फ्रीजच्या वेष्टनांतून आलेलें थर्मोकोल लावलें. मात्र तें पेट घेणारें असल्यामुळें चटईपासून चांगलें दूर राखलें. वरच्या जाळीचा थोडा भाग झांकला, थोडा श्वासासाठीं उघडा ठेविला. पेटी खिडकीपासून हलवून आंतल्या भिंतीशीं नेली. खिडकी रात्रीं गारठते, आणि कोवळें दिसणारें ऊन कांचेंतून येऊन कोंडलें म्हणजे थोड्या वेळांत पेटीची भट्टी होते. त्या वेळीं थर्मोस्टॅट कांहीं करूं शकत नाहीं, कारण सूर्याची वीज त्याला तोडतां येत नाहीं. शेवटीं बुटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला दार कापून ऊबदार टोंकाला दुसरा आडोसा केला. ह्या सर्वांत मोलाचें काम हेंच ठरलें, आणि त्याला एक पेनीही पडली नाहीं.

सूनबाईंच्या आगीच्या भयाचा विचार आम्हीं वेगळा केला, कारण तें भय अनाठायीं नव्हतें. चटईची वायर कोठें चेपलेली, चिरलेली नाहीं ना, हें तपासलें. एका जोडपट्टीला दुसरी जोडपट्टी लावण्याची सवय मोडून भिंतींतली स्वतंत्र जोडणी दिली. पाण्याचें भांडें गार टोंकाला नेलें, आणि वायरींना पेटीबाहेर खालीं झोळ दिला, म्हणजे एखादा थेंब ओघळला तरी तो तेथेंच गळून पडेल, जोडणींत जाणार नाहीं. तिकडे प्रत्येक विजेच्या खुंटीच्या पोटांतच एक वितळतार असते; 13 अँपिअरच्या जागीं 3 अँपिअरची घातली, कारण एवढ्याशा उपकरणाला ती पुरून उरते आणि बिघाड झाल्यास लवकर वितळते. छताला धुराची सूचना देणारें यंत्र होतेंच; त्याची घंटा वाजते कीं नाहीं हें सूनबाईंनीं स्वतः दाबून पाहिलें. पडदा आणि पांघरूण पेटीपासून हातभर दूर राहील असा नियम झाला.

मग हजेरीपट सुरू झाला. सकाळीं 7, दुपारीं 2 आणि रात्रीं 10 वाजतां दोन्ही टोंकांचे अंश नातवानें (तो शाळेंत असतांना आम्हीं) वहींत लिहावयाचे. पहिले दोन दिवस ऊबदार टोंक 27 वर अडलें. खुंटी किंचित वर केली. चौथ्या दिवसापासून एका स्तंभांत 29-30 आणि दुसऱ्यांत 21-22 असे आंकडे एखाद्या शहाण्या विद्यार्थ्याच्या हजेरीसारखे न चुकतां येऊं लागले. ओकारी झालेल्या सापाला लगेच खाऊं घालूं नये, 10 ते 14 दिवस पोटाला विसांवा द्यावा, असा तिकडचा दंडक आहे, तो पाळला. साप दिवसा पुठ्ठ्याच्या खोक्यांत असे, संध्याकाळीं पेटीभर हिंडे आणि पाण्यापाशीं जाई. पंधराव्या दिवशीं नेहमींपेक्षां लहान उंदीर दिला. मुदत संपली होती; पण ती संपल्याचें सूनबाईंनीं काढलें नाहीं, आणि आम्हीही काढलें नाहीं.

त्यानंतर दोन दिवसांनीं रात्रीं मोठा वारा सुटला आणि वीज गेली. घर तापविणारी यंत्रणाही विजेवांचून चालत नाहीं, म्हणून अर्ध्या तासांत खोल्या निवूं लागल्या. सापाच्या पोटांत उंदीर होता. नातू मेणबत्ती घेऊन पेटीकडे निघाला, तेव्हां सूनबाईंनीं त्याच्या हातांतून ती काढून घेऊन विजेरी दिली. नंतर त्यांनीं स्वयंपाकघरांत जाऊन काडीनें गॅस पेटविला, पाणी कोमट केलें, कंबरदुखीसाठीं ठेवलेली रबरी पिशवी भरली, ती दोन टॉवेलांत गुंडाळली आणि पेटीच्या ऊबदार बाजूच्या कांचेला बाहेरून टेकवून ठेविली. आपल्या जाड शालीनें त्यांनीं पेटी झांकली, हवेसाठीं एक कोपरा मोकळा ठेवून. कढत पाण्याची पिशवी कांचेला किंवा सापाला लावूं नये, हें आम्ही सांगणार होतों. पण तान्ह्या मुलाला शेकलेल्या हातांना तें सांगावें लागलें नाहीं. दर दीड तासानें त्या पिशवी बदलीत होत्या. पहांटे वीज आली तेव्हां ऊबदार टोंक 24 अंशांवर होतें. साप बाहेर आला नाहीं, आणि उंदीरही बाहेर आला नाहीं. सकाळीं चहाच्या वेळीं सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "आंतल्या आंत गारठत होता; पाहवेना."

एकंदर हिशेब असा : थर्मोस्टॅट 32 पौंड, मापक 12 पौंड, मिळून 44. थर्मोकोल, खोकें, पट्ट्या फुकट. उरलेले 16 पौंड नातवानें वडिलांच्या हातावर ठेविले. तिकडे त्या वर्षीं विजेचा दर युनिटला पाव पौंडाच्या आसपास होता, म्हणजे चार महिन्यांच्या विजेची बेगमी झाली. काटकसर ती हीच. आडोशांत, वेष्टनांत, जागेच्या निवडींत, वाया जाणारी ऊब अडविण्यांत जितकी करावी तितकी थोडी. नियंत्रणांत आणि मोजमापांत मात्र ती करूं नये. आणि साप तोंड उघडून श्वास घेऊं लागला किंवा कातडीवर भाजल्याचा डाग दिसला, तर पशुवैद्याच्या फीच्या बाबतींतही करूं नये.

ही हकीकत वाचून आमच्या एखाद्या बाळवाचकाला धामणीचें किंवा अजगराचें पिल्लूं घरीं आणण्याची इच्छा होईल, म्हणून स्पष्ट सांगतों : आपल्या देशांतील साप घरांत पाळणें हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. परदेशी जातींपैकींही कित्येकांची सरकारदरबारीं नोंद करावी लागते. आपल्या अंगणांत साप निघाला तर त्याला डिवचूं नये, मारूं नये. वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावें. आपल्याकडच्या सापांसाठीं सूर्य आपली शेगडी रोज वेळेवर पेटवीत आहे. तींत आपण हात घालण्याचें कारण नाहीं.

परंतु जेथें कायद्यानें मोकळीक आहे आणि घरांतल्या मुलाचा हट्ट आहे, तेथें वडीलधाऱ्यांनीं नुसतें नाहीं किंवा नुसतें हो म्हणूं नये, असें आम्हांस वाटतें. प्राणी फुकट मिळतो, पेटी जुनी मिळते, चटई स्वस्त मिळते. पण त्या प्राण्याची ऊब पुढचीं 15-20 वर्षें कोणीं तरी रोज मोजावी लागते. हें मुलाला आधीं सांगावें, आणि मग पहिले कांहीं दिवस त्याच्याबरोबर बसून मोजावें. आम्ही परतलों त्यानंतरही नातू दर रविवारीं वहींतले आंकडे आम्हांस कळवितो. ते आंकडे पाहून आतां आम्हांस सापाचें कुशल कळतें, तसें मुलाचेंही कळतें.